जाते, वेणी आणि ठिगळ : सातारा-सांगलीच्या नाट्यपरंपरेतील घरकामाचे चिन्हरूप

१

मराठी नाटकाच्या इतिहासलेखनात स्त्रीप्रतिमेची चर्चा पुष्कळ झाली आहे. पतिव्रता, बंडखोर, परित्यक्ता, कुलवधू अशा कोटी लावून नायिकांचे वर्गीकरण करण्याची पद्धतही आता रुळलेली आहे. या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. रंगमंचावरील या स्त्रिया हाताने काय करतात? त्यांच्या हातात सुई असते का, जात्याचा खुंटा असतो का, घुसळणीची रवी असते का? आणि असलीच, तर ती वस्तू तेथे काम म्हणून येते की केवळ चिन्ह म्हणून? प्रस्तुत लेखात हा प्रश्न सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांशी जन्माने, कुळाने वा कर्तृत्वाने जोडल्या गेलेल्या नाट्यपरंपरेपुरता मर्यादित ठेवून तपासावयाचा आहे.

प्रदेशाची ही निवड निव्वळ सोयीची नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले आणि मराठी रंगभूमीचा औपचारिक आरंभ तेथून मोजण्याचा प्रघात पडला. गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्वांचे जन्मगाव नागठाणे, पठ्ठे बापूराव रेठरे हरणाक्षचे, अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, वसंत कानेटकर रहिमतपूरचे. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, ही दोन्ही सातारा जिल्ह्यात येतात. कृष्णाकाठच्या या पट्ट्यात संस्थानी आश्रयाचे नाटक, व्यावसायिक संगीत नाटक, तमाशा, सत्यशोधकी विचाराचे नाटक आणि स्वातंत्र्योत्तर मध्यमवर्गीय नाटक असे जवळजवळ सर्व प्रवाह एकमेकांना भेटतात. म्हणून एका वस्तूचा प्रवास अनेक नाट्यप्रकारांतून पाहण्यासाठी हा प्रदेश विशेष उपयोगी ठरतो.

तुलनेसाठी प्रारंभीच एका परकीय संहितेचा निर्देश करतो. सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेची 'ट्रायफल्स' ही एकांकिका १९१६ सालची. एका शेतकऱ्याचा गळा आवळून खून झालेला आहे. पुरुष अधिकारी माडीवर आणि गोठ्यात पुरावा शोधत हिंडतात. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन स्त्रिया स्वयंपाकघरात थांबतात आणि आरोपी पत्नीने शिवायला घेतलेल्या गोधडीचे तुकडे पाहतात. बाकीचे टाके नीट आहेत, एका तुकड्यातील टाके मात्र वेडेवाकडे पडले आहेत. या बिघडलेल्या टाक्यांतून त्यांना घरातील सारी कहाणी उलगडते. त्यांतली एक ते टाके उसवून पुन्हा नीट घालू लागते आणि अखेरीस दोघीही पुरावा दडवून ठेवतात. येथे गोधडी चिन्ह आहे यात शंका नाही. पण ते चिन्ह वाचता येते ते कामाच्या ज्ञानातून. ज्याने कधी टाका घातलेला नाही त्याला ते दिसतच नाही. पुरुषांचे अज्ञान आणि स्त्रियांचे ज्ञान यांतील हे अंतर हाच त्या एकांकिकेचा गाभा आहे. याच १९१६ च्या डिसेंबरात खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगमंचावर आले. या दोन कृतींत तुलना करण्याजोगे काही नाही. तरीही दोन रंगभूमींवर स्त्रीच्या हाताकडे पाहण्याच्या दृष्टीत केवढे अंतर होते, याची जाणीव या योगायोगाने तीव्र होते.

२

कालक्रमाने पाहता आपल्याला प्रथम 'तृतीय रत्न'कडे वळावे लागते. जोतीरावांनी हे नाटक १८५५ मध्ये लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठविले. तेथे ते नाकारले गेले आणि छापील रूपात वाचकांपर्यंत पोहोचायला १९७९ साल उजाडावे लागले. एक कुणबी गृहिणी गरोदर आहे, नवरा घरात नाही, आणि दारात जोशी येतो. ग्रहपीडेचे भय दाखवून तो घरातून दाणागोटा, पैसा आणि पुढे ब्राह्मणभोजनाचा सारा खर्च उकळतो.

प्रस्तुत संदर्भात महत्त्वाची गोष्ट अशी की, या नाटकात शोषण घडते ते घराच्या उंबऱ्यावर आणि कोठाराच्या तोंडाशी. धान्याची राखण, ते निवडणे, पुरवून वापरणे हे कुणबी स्त्रीचे काम आहे, आणि नेमक्या त्याच अधिकारावर जोश्याची नजर आहे. सूप, कणगी, चूल यांना जोतीरावांनी काव्यात्म अर्थ चिकटविलेला नाही. त्या घरात काय शिल्लक आहे आणि काय संपत चालले आहे, हा नाटकाचा विषय आहे. नाटकाच्या शेवटी नवरा आणि बायको दोघेही शिकण्याचा निश्चय करतात, तेव्हा ती स्त्री आपले घरकाम टाकून कोठे जात नाही. त्या कामाचा हिशेब दुसऱ्याच्या हाती राहू नये म्हणून ती अक्षराकडे वळते. घरकामाकडे अर्थव्यवहार म्हणून पाहणारी ही दृष्टी मराठी नाट्यवाङ्मयात इतक्या आरंभी उपलब्ध होती. ती संहिता सव्वाशे वर्षे अप्रकाशित राहिली, हा योगायोग मानण्यापेक्षा आपल्या नाट्येतिहासाचा एक कळीचा प्रसंग मानणे योग्य होईल. मधल्या काळात रंगभूमीने स्त्रीच्या कामाकडे पाहण्याची जी दुसरी रीत घडविली, तिला आव्हान देणारी संहिता समोरच नव्हती.

ही दुसरी रीत 'संगीत शारदा'पासून स्पष्ट होऊ लागते. देवलांचे हे नाटक १८९९ चे. जरठ-कुमारी विवाहावरील त्याचा प्रहार आणि त्याचे सामाजिक मोल वादातीत आहे. येथे केवळ एवढेच नोंदवितो की, नाटकाचा भर शारदेच्या किमतीवर आहे. कांचनभट मुलगी विकतो, भुजंगनाथ ती विकत घेऊ पाहतो, आणि प्रेक्षकाची सहानुभूती या सौद्याविरुद्ध जागी होते. विकल्या जाणाऱ्या मुलीचे घरातील काम हा या सौद्यातला दडलेला भाग आहे. वृद्ध वराला पत्नीबरोबर शुश्रूषा करणारे दोन हातही मिळणार असतात. या हातांचा विचार नाटक करीत नाही.

३

खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त (१९०७) घरगुती कला प्रत्यक्ष कथानकाच्या केंद्राशी येते, आणि तरीही तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. विराटपर्वातील द्रौपदी अज्ञातवासात सैरंध्री होते. सैरंध्री हे नाव नव्हे, तो व्यवसाय आहे. केस विंचरणे, वेणी घालणे, उटणी वाटणे, माळा गुंफणे या कौशल्यांच्या बळावर ती सुदेष्णेच्या अंतःपुरात नोकरी मिळविते. भीम त्याच राजवाड्यात बल्लव म्हणजे आचारी म्हणून राहतो. म्हणजे पांडवांच्या संकटकाळात घरकाम हाच त्यांचा निवारा ठरतो. स्त्रीपुरुष दोघेही आपली राजस ओळख घरकामाच्या आड लपवितात.

या नाटकाचे राजकीय रूपक सर्वपरिचित आहे. कीचकात लॉर्ड कर्झन, युधिष्ठिरात नेमस्त, भीमात जहाल आणि द्रौपदीत अपमानित मातृभूमी प्रेक्षकांनी ओळखली, सरकारनेही ओळखली, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. पण रूपकाची ही वाटणी नीट न्याहाळली तर एक विषमता ध्यानात येते. भीमाचे स्वयंपाकघर त्याच्या बाहुबलाचे वेषांतर असते आणि योग्य वेळी तो ते झुगारून देतो. वेणी घालणारी सैरंध्री मात्र राष्ट्रदेवता होताच आपले कौशल्य गमावते. तिच्या बोटांना काही येत होते, त्या येण्यावर तिने वर्षभर स्वतःला जगविले होते, हे रूपकात कोठेच बसत नाही. भारतमाता अपमानित होऊ शकते, तिला मुक्त करता येते, पण ती कोणाकडे नोकरी करीत नाही. नाटकातील कीचक ज्या स्त्रीवर हात टाकतो ती दुसऱ्याच्या घरी काम करणारी स्त्री आहे. चाकरीत असलेल्या स्त्रीच्या असुरक्षिततेचा हा अर्थ रोजच्या जगण्याला अधिक जवळचा होता, पण तो राष्ट्रीय अर्थाच्या प्रखर प्रकाशात दिसेनासा झाला. संस्कृत नाट्यपरंपरेत भट्टनारायणाच्या 'वेणीसंहारा'ने द्रौपदीच्या मोकळ्या केसांचे चिन्ह रूढ केले होते. स्वतःचे केस मोकळे ठेवून दुसरीची वेणी घालणारी स्त्री हे त्याहून गुंतागुंतीचे चिन्ह विराटपर्वात सिद्ध होते, पण त्याचे वाचन झाले नाही.

खाडिलकरांनी त्याच सुमारास 'बायकांचे बंड' लिहिले आणि पुढे गिरिजाबाई केळकरांनी 'पुरुषांचे बंड' (१९१३) लिहून त्याला उत्तर दिले, ही घटना या संदर्भात विसरता येत नाही. शीर्षकाच्या उलटापालटीतूनच त्यांनी एक गोष्ट सुचविली : बंड कोणी केले हे ठरविण्याचा अधिकार बंडाची गोष्ट सांगणाऱ्याकडे असतो.

४

आता या लेखाच्या मध्यवर्ती उदाहरणाकडे येतो. 'एकच प्याला' हे राम गणेश गडकरी यांचे नाटक. गडकरी या परिसरातले नव्हेत. पण त्यातील सिंधू रंगमंचावर जिने सिद्ध केली ती देहबोली नागठाण्यात जन्मलेल्या नारायण श्रीपाद राजहंस यांची, म्हणजे बालगंधर्वांची. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणले. दारूने उद्ध्वस्त झालेल्या सुधाकराची पत्नी सिंधू माहेरची मदत नाकारते आणि दुसऱ्यांचे दळण दळून संसार चालविते. जात्यावर बसलेली, ठिगळांचे लुगडे नेसलेली सिंधू ही प्रतिमा मराठी प्रेक्षकाच्या मनात इतकी खोल रुजली की, 'एकच प्याला' म्हणताच पेल्याच्या खालोखाल जाते डोळ्यांपुढे येते.

या जात्याचे तीन स्तर वेगळे करावे लागतात. पहिला स्तर कामाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी विधवा, परित्यक्ता आणि निर्धन सुवासिनी यांना उपलब्ध असलेल्या मोजक्या उपजीविकांत दळण-कांडणाचा समावेश होता. पहाटे उठून जात्यात मूठमूठ वैरण घालावी, खुंटा धरून तास-दोन तास पाळ फिरवावी, आणि पायलीमागे ठरलेले काही दाणे वा पैसे घ्यावेत, असा हा व्यवहार. खांदे भरून येतात, तळहाताला घट्टे पडतात. सिंधू करते ते मजुरीचे काम आहे.

दुसरा स्तर गाण्याचा. जात्यावरची ओवी ही स्त्रियांची स्वतःची रचना. तिची लय खुंट्याच्या फेऱ्याने ठरते आणि समोरासमोर बसलेल्या दोघी दळत असल्या तर एकीची ओवी दुसरी पुढे नेते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, तेव्हा या रचनेचा आवाका अभ्यासकांना दिसला. त्यांत माहेरची ओढ आहे तशीच सासरची तक्रार आहे, देव आहेत तसे भाऊबंद आणि सावकारही आहेत. 'एकच प्याल्या'तील पदे वि. सी. गुर्जर यांची. सिंधू जात्यावर गाते तेव्हा ओवीचा घाट राहतो, तिची लय मात्र ऑर्गन आणि तबल्याच्या हाती जाते, आणि ओवीतील तक्रार गळून पडते. दळणारणीचे गाणे तिच्या श्रमातून उमटण्याऐवजी तिच्या श्रमावर पांघरूण घालते.

तिसरा स्तर देहाचा. हे जाते फिरविणारा हात पुरुषाचा होता. बालगंधर्वांच्या अभिनयाचे मोठेपण येथे कमी लेखावयाचे नाही. उलट त्यांनी स्त्रीच्या हालचालींचे केलेले निरीक्षण इतके सूक्ष्म होते की, शहरी स्त्रियांनी लुगडे नेसण्याच्या, गजरा माळण्याच्या रीती त्यांच्यापासून उचलल्या. पण यातूनच एक विलक्षण वर्तुळ पूर्ण झाले. स्त्रीच्या कामाची मुद्रा पुरुषाने उचलली, तिच्यातील कष्ट वगळून सौंदर्य ठेवले, आणि ती आदर्श म्हणून स्त्रियांना परत केली. प्रेक्षागृहातील स्त्री घरी पहाटे स्वतः दळत होती. रात्री तेच काम रंगमंचावर पाहून तिला अश्रू आले असतील. ते सिंधूसाठी होते की स्वतःसाठी, हे सांगणारा दस्तऐवज आपल्यापाशी नाही.

नाटकाच्या शेवटाकडे पाहिले म्हणजे 'ट्रायफल्स'शी असलेले अंतर उघड होते. ग्लास्पेलच्या दोघी टाके उसवून एका स्त्रीला वाचवितात. मृत्यूच्या दारातली सिंधू स्वतःच्या शब्दाने नवऱ्याचा अपराध पुसू पाहते. दोन्हीकडे स्त्रिया पुरावा नाहीसा करतात. एकीकडे कामातून आलेले ज्ञान सख्यत्वाला जन्म देते, दुसरीकडे कामातून आलेली थोरवी पातिव्रत्यात विरून जाते. सिंधू एकटी दळते. तिच्या जात्यासमोर दुसरी बाई बसलेली असती आणि दोघींनी ओव्या गायिल्या असत्या तर नाटकाला हा शेवट करता आला असता का, हा प्रश्न म्हणूनच केवळ कल्पनाविलासाचा राहत नाही.

५

संगीत नाटकाच्या समांतर याच भूमीत तमाशा उभा होता. पठ्ठे बापूरावांच्या (१८६६-१९४५) फडात पवळासारखी स्त्री स्वतः रंगमंचावर होती. तमाशातील गौळण हा भाग केवळ शृंगाराचा वा चावटपणाचा मानण्याची आपली सवय आहे. पण त्याची बैठक पाहावी. स्त्रिया दूध तापवितात, विरजण लावतात, ताक घुसळतात, लोणी काढतात आणि तो माल डोक्यावर घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवून दाण मागतात. म्हणजे प्रसंगाचे मूळ स्त्रीच्या उत्पादनावर बसविलेल्या करात आहे. घासाघीस होते, मावशी मध्ये पडते, सवाल-जवाब झडतात. येथे घरकाम घराबाहेर पडते, त्याला भाव येतो आणि त्या भावावर भांडणही होते. प्रतिष्ठित रंगभूमीने घरातल्या कामाला पावित्र्य दिले. तमाशाने त्याला बाजार दाखविला.

अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी तमाशाचे लोकनाट्य केले, गणातून कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन केले आणि गौळणीचे परंपरागत स्थान मोडले. स्त्रीदेहाच्या बाजारी प्रदर्शनाला दिलेला तो नकार होता, त्यामागची नैतिक भूमिका निःसंशय उच्च होती. मात्र गौळणीबरोबर माठ आणि रवीही गेली, हे नोंदविणे आवश्यक आहे. गिरणी-कामगाराचे श्रम लोकनाट्यात केंद्रस्थानी आले. श्रमाची व्याख्या विस्तारली, पण ती घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

स्त्रिया प्रतिष्ठित रंगमंचावर येऊ लागल्या त्या १९३० च्या आसपास. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह संगीत नाटकांत उभ्या राहिल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'ने स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याला आधुनिक नाटकात मान्यता दिली. देह बदलला. त्या देहाला करावयाच्या मुद्रा मात्र तयारच होत्या, आणि त्या बालगंधर्वांच्या काळात घडलेल्या होत्या.

६

वसंत कानेटकरांचे 'हिमालयाची सावली' (१९७२) या इतिहासाचा एक टप्पा पूर्ण करते. धोंडो केशव कर्वे आणि त्यांची पत्नी आनंदीबाई यांच्या जीवनाचा आधार घेऊन नानासाहेब भानू आणि बयो ही पात्रे उभी राहिली. श्रीराम लागू आणि शांता जोग यांनी ती अविस्मरणीय केली. बयो सिंधूसारखी मूक सोसत नाही. संस्थेसाठी घर रिकामे करणाऱ्या नवऱ्याला ती फटकारते, घरातील उणीव बोलून दाखविते. १९१९ नंतर प्रथमच एका लोकप्रिय नाटकात घर चालविण्याचे काम हे महापुरुषाच्या कार्याचे भांडवल आहे, असे इतक्या स्पष्टपणे मांडले गेले. तरीही शीर्षक तिला सावलीचे रूपक देते. सावलीला स्वतःचे अस्तित्व नसते, ती कोणाची तरी असते. प्रत्यक्षातील आनंदीबाई शारदासदनात शिकलेल्या होत्या आणि त्यांनी 'माझे पुराण' (१९४४) हे आत्मकथन लिहिले. आपल्या कथनाला त्यांनी निवडलेला शब्द 'पुराण' आहे. नाटककाराला सावली दिसली, तर जिची ती कथा तिने स्वतःला पुराणाची नायिका आणि निवेदकही केले. हे अंतर बरेच काही सांगून जाते.

७

अखेरीस एका अनुपस्थित वस्तूचा विचार करू. सातारा-सांगलीच्या घराघरांत, माण-खटावपासून आटपाडी-जतपर्यंत, स्त्रियांची सर्वांत व्यापक हस्तकला कोणती असेल तर ती वाकळ किंवा गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे येत, सुगीनंतरच्या दुपारी दोघी-तिघी मिळून ती शिवतात. गेलेल्या आजीचे लुगडे त्यात असते, लेकीचे परकर असतात. कुटुंबाचा तो अलिखित दप्तरखाना आहे. मिरजेच्या तंबोऱ्यावर घडविणाऱ्या घराण्याचे नाव चालते, आणि त्याच तंबोऱ्याच्या साथीने संगीत नाटकाचे गाणे वाढले. वाकळीवर नाव नसते.

वर पाहिलेल्या नाटकांत ही वाकळ कोठेही अर्थवाही वस्तू म्हणून येत नाही. जवळ येते ते सिंधूच्या लुगड्याचे ठिगळ. पण ठिगळ हे दारिद्र्याचे चिन्ह म्हणून दिसते, ते कोणी घातले, कोणत्या टाक्याने घातले हे दिसत नाही. याची कारणे केवळ वैचारिक नाहीत. जात्याला आवाज आणि लय आहे, सुई नि:शब्द आहे. संगीत नाटकाला पहिली सोयीची होती. दळण एकटीला दाखविता येते, वाकळ शिवायला बायांचा मेळा लागतो. पुरुष नटांच्या मंडळीला एक आदर्श स्त्री उभी करता येत होती, स्त्रियांचे आपापसांतले जग उभे करणे तिच्या आवाक्याबाहेर होते.

यावर असा आक्षेप येईल की, नाटक म्हणजे कामांची नोंदवही नव्हे, आणि वस्तूने आपल्या वास्तवाच्या पलीकडे गेल्याशिवाय कला संभवत नाही. आक्षेप मान्य आहे. पण पलीकडे जाण्यासाठी वस्तूतून जावे लागते, तिला वळसा घालून नव्हे. ग्लास्पेलचा टाका चिन्ह होतो, कारण तो आधी चुकलेला टाका आहे. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे वर्गात सिंधूचे जाते हे तिच्या सोशिकतेचे प्रतीक असल्याचे शिकविले. बाकांवर बसलेल्या मुलींपैकी कित्येकींच्या आयांनी दळण-कांडण केलेले होते, आणि आपण प्रतीक हा शब्द उच्चारताच त्यांच्या घरातील काम दुसऱ्यांदा पुसले जात होते, हे उशिरा ध्यानात आले. जे रंगभूमीने केले तेच समीक्षेने केले.

म्हणून यापुढील वाचनाची दिशा साधी असावी असे वाटते. रंगमंचावर जाते दिसले तर ते काय सुचविते हे विचारण्याआधी कोणाचे दळण आहे, किती आहे, त्याचे मोल काय आणि ते कोणाच्या हाती पडते, हे विचारावे. 'तृतीय रत्न'ने १८५५ मध्ये हे प्रश्न विचारले होते. ते आपल्या समीक्षेच्या पाठीशी असते, तर सिंधूच्या जात्याचा आवाज आपण कदाचित निराळा ऐकला असता.